जठरांतील वस्ती

आमच्या घरांत थोरल्या काकूंच्या आजाराला नांव मिळण्यास सवा वर्ष लागलें. तें नांव ज्या रीतीनें मिळालें ती हकीकत सांगावयाची, म्हणजे जठराच्या आंतल्या अस्तराची रचना थोडी विस्तारानें सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं; आणि ती रचना इतकी मनोरंजक आहे कीं, काकूंचें दुखणें निमित्तमात्र ठरावें. वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं लोणच्याच्या बरणीशेजारीं आम्लपित्ताच्या गोळ्यांची बाटली कायमची उभी असते अशा वाचकांनीं, हा विषय डॉक्टरांचा म्हणून पान उलटूं नये, एवढी विनंति आहे.

काकूंचें वय अडुसष्ट. घरांत सर्वांआधीं उठणाऱ्या आणि सर्वांमागून पानावर बसणाऱ्या. प्रथम त्यांची जीभ हुळहुळूं लागली. आमटी तिखट नसतांही तोंड भाजतें, असें त्या म्हणत. पुढें पायांच्या तळव्यांना मुंग्या येऊं लागल्या. 'कापसावरून चालल्यासारखें वाटतें,' असें त्यांचें म्हणणें. पहांटे अंधारांत देवघराकडे जातांना तोल जाऊं लागला, भूक मंदावली, चेहरा फिकट आणि किंचित् पिवळसर दिसूं लागला. वय झालें, असें आम्ही म्हटलें. ज्या दवाखान्यांत दाखविलें तेथें जठरांत दुर्बीण घालून अस्तराचे दोन कण काढले, ते एकाच बाटलींत टाकले आणि बाटलीवर काकूंचें नांव घातलें. कण जठराच्या कोणत्या जागेवरून काढले तें मात्र कोणीं लिहिलें नाहीं. अहवाल आला कीं, निर्गमद्वाराजवळच्या भागांतील ग्रंथि दिसतात, जुनाट दाह किंचित् आहे, जंतु नाहींत. त्यावरून पित्तशामक गोळ्या आणि एक टॉनिक सुरू झालें. ज्या बाईच्या पोटांत अम्ल जवळ जवळ उरलेंच नव्हतें, तिला अम्ल कमी करण्याच्या गोळ्या आम्हीं बारा महिने नेमानें दिल्या.

अखेर एका मुंजीच्या निमित्तानें माझे एक शाळासोबती घरीं आले. ते विकृतिशास्त्रज्ञ; म्हणजे आयुष्यभर सूक्ष्मदर्शकांतून दुसऱ्यांच्या शरीराचे तुकडे पाहत आलेले गृहस्थ. काकू त्यांच्या पानांत श्रीखंड वाढीत असतां बोलतां बोलतां त्यांची दृष्टि काकूंच्या जिभेकडे गेली. जीभ गुळगुळीत, कांचेसारखी. त्यांनीं वाटी तशीच ठेवून दोनचार प्रश्न विचारले, आणि हात धुतांना मला एवढेंच म्हणाले, "त्या कणांचा ठोकळा मागवून घे."

असले कण मेणाच्या ठोकळ्यांत बसवून वर्षानुवर्षें जपून ठेवण्याची प्रयोगशाळांची वहिवाट आहे. ती नसती तर पुढील हकीकत घडलीच नसती. ठोकळा मिळाला. त्याचे मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागाइतके पातळ काप काढून कांचेवर चढविले, रंगविले, आणि एका रविवारीं सकाळीं मित्रांनीं मला आपल्या टेबलाशीं बसविलें. "काकूंचा काप मागाहून," ते म्हणाले, "आधीं निरोगी जठर कसें असतें तें पाहून घे. ज्याला घर ठाऊक नाहीं, त्याला घरांतून काय नाहीसें झालें तें कसें कळणार?"

जठर बाहेरून पखालीसारखें दिसतें, हें शाळेंतल्या चित्रांमुळें सर्वांस ठाऊक आहे. त्याचें आंतील अस्तर सुमारें एक मिलिमीटर जाडीचें. आणि त्या अस्तरावर, भिंगाखालीं पाहिल्यास, बारीक बारीक छिद्रें दिसतात. एका जठरांत तीं सुमारें ३५ लाख असतात. प्रत्येक छिद्र म्हणजे जणूं एका विहिरीचें तोंड. थोडें खालीं उतरलें कीं विहिरीच्या तळांतून अनेक अरुंद नळ्या आणखी खोल जातात, याच जठरग्रंथि. अन्न ज्या रसानें पचतें तो रस या नळ्यांतून वर झरतो, दिवसाकाठीं सुमारें दोन लिटर.

उभा छेद घेतला म्हणजे एकेका नळीची वरपासून तळापर्यंतची सगळी वस्ती एका नजरेंत येते, आणि मन थक्क होतें. पेशी तेथें वाटेल तशा गर्दी करून राहिलेल्या नाहींत. जुन्या वाड्यांत ओटी कोणाची, माजघर कोणाचें, कोठीच्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला, हें जसें न सांगतां ठरलेलें असे, तसें त्या नळींत प्रत्येक प्रकारच्या पेशीचें ठाणें ठरलेलें आहे.

सर्वांत वर, पृष्ठभागावर आणि विहिरीच्या तोंडाशीं, श्लेष्मपेशींची अखंड रांग. घट्ट श्लेष्मा पसरणें आणि त्यांत खाण्याच्या सोड्यांतला क्षार झिरपविणें, हें यांचें काम. जठराच्या पोकळींतील रस अतिशय आंबट, रसायनशास्त्राच्या भाषेंत पीएच १ ते २; पण त्या श्लेष्म्याच्या थराखालीं, पेशीच्या अंगाला लागून, तोच आंकडा ७ च्या आसपास, म्हणजे साध्या पाण्याइतका असतो. एक मिलिमीटरहूनही पातळ अशा पडद्याच्या एका बाजूला मांस पचविणारा रस, आणि दुसऱ्या बाजूला जिवंत मांस! जठर स्वतःला कां पचवीत नाहीं, हा लहान मुलांनीं हमखास विचारावयाचा प्रश्न आहे, आणि त्याचें पुष्कळसें उत्तर या वरच्या रांगेंत आहे.

त्याखालीं नळीचा अरुंद गळा. तेथें नव्या पेशी जन्मास येतात, त्यांची गोष्ट पुढें सांगेन. गळ्यापासून मधल्या पट्ट्यांत पॅरायटल पेशी असतात. आपण त्यांस अम्लपेशी म्हणूं. इओसिन नांवाच्या रंगानें त्या छान गुलाबी होतात. गोल, टपोऱ्या, मधोमध गडद केंद्र: मला तर ताटांत मांडलेल्या पेढ्यांची आठवण झाली, मधोमध बोटाचा ठसा असलेल्या. आणि अगदीं तळाशीं मुख्य पेशी. मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्यापासून काढलेला हिमॅटॉक्सिलिन हा रंग त्यांना निळसर-जांभळें करतो. या पेशी पेप्सिनचें पूर्वरूप तयार करतात. तें पूर्वरूप निरुपद्रवी असतें. अम्लाची गांठ पडली म्हणजेच त्याचें खरें पेप्सिन होतें आणि तें प्रथिनांचे तुकडे करूं लागतें. शस्त्र घडविणारा एक आणि त्याला धार लावणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे.

अम्लपेशी ही मात्र स्वतंत्र परिच्छेदाची मानकरी आहे. तिच्या पोटांत बारीक कालव्यांचें जाळें असतें. भूक लागून जेवण समोर आलें कीं हे कालवे पसरतात, आणि त्यांच्या भिंतींवरील पंप पोटॅशियमचा एक कण आंत घेऊन हायड्रोजनचा एक कण बाहेर टाकूं लागतात. रक्तांत हायड्रोजनच्या कणांचें जें प्रमाण असतें त्याच्या दहा लाख पटींहून अधिक प्रमाण ही पेशी त्या कालव्यांत निर्माण करते. एवढ्या कामाला इंधन जाळणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या लागतात, आणि पेशीचा सुमारें एक तृतीयांश भाग त्यांनींच व्यापलेला असतो. तिचा गुलाबी रंग बऱ्याच अंशीं त्यांचाच. शिवाय माणसांत हीच पेशी आणखी एक द्रव्य बनवते, ज्याचा अन्न पचविण्याशीं कांहीं संबंध नाहीं. तें द्रव्य आमच्या काकूंच्या गोष्टींत शेवटीं येणार आहे.

हा सारा बेत जठराच्या मुख्य भागाचा, म्हणजे ज्याला आपण कोठा म्हणूं त्याचा झाला. निर्गमद्वाराकडे जावें तसतशी रचना पालटते. तेथें विहिरी अधिक खोल, अस्तराच्या निम्म्या जाडीपर्यंत गेलेल्या, नळ्या वेड्यावांकड्या, श्लेष्मानें भरलेल्या, अम्लपेशी तुरळक. या भागाला मी परसदार म्हणतों. दिसायला तो अगदीं गरीब. पण सगळ्या घराचा कारभार येथून हालतो, हें कळण्यास शास्त्रज्ञांना शंभर वर्षें लागलीं.

पोटांत डोकावण्याची पहिली संधि एका अपघातानें दिली. ६ जून १८२२ रोजीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सें मार्तें या तरुण नावाड्याला बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण पोटाला पडलेलें भोंक राहिलें. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्या भोंकांतून दोऱ्यानें बांधून अन्न आंत सोडलें, रस काढून बाटल्यांत भरला, आणि १८३३ मध्यें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. जठराचें अम्ल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आहे, हें लंडनच्या विल्यम प्राउटनें त्याआधींच, १८२४ मध्यें, छापलें होतें. १८३६ मध्यें थिओडोर श्वाननें (नांवाला हंसूं नये, गृहस्थ थोर होता) पेप्सिन वेगळें काढलें, आणि तीनच वर्षांनीं सर्व प्राणी पेशींचे बनलेले आहेत हा सिद्धांत मांडला. अशा रीतीनें रसांतलीं दोन्ही हत्यारें हातीं आलीं. पण तीं कोण करतें, याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता लावण्याचें श्रेय ब्रेस्लाउच्या रुडोल्फ हायडेनहाइनकडे जातें. १८७० मध्यें त्यानें आणि स्वतंत्रपणें ग्राट्स येथील अलेक्झांडर रोलेटनें ग्रंथींतील दोन प्रकारच्या पेशी स्पष्टपणें वेगळ्या ओळखल्या. पण दोन प्रकार दिसले म्हणजे दोन कामें सिद्ध झालीं असें नव्हे. येथें हायडेनहाइनला जागेच्या फरकाचा उपयोग झाला. कुत्र्याच्या जठराचा परसदाराकडचा तुकडा वेगळा शिवून घेतला, तर त्याच्या रसांत पेप्सिन असतें पण अम्ल नसतें. आणि त्याच तुकड्यांत गुलाबी पेशीही नसतात. तेव्हां अम्ल त्या पेशींचें, हा निष्कर्ष ओघानेंच आला. कोण काय करतो हें कळावयास आधीं कोण कोठें नाहीं तें पाहावें, ही युक्ति माझ्या मित्रांनीं दीडशें वर्षांनीं काकूंच्या कापावर पुनः वापरली.

परसदाराचें गुपित १९०५ मध्यें फुटलें. लंडनचे जॉन एड्किन्स यांनीं परसदाराकडच्या अस्तराचा अर्क काढून तो जनावराच्या रक्तांत सोडला, तेव्हां दूर कोठ्यांत अम्ल झरूं लागलें. कोठ्यांतील अस्तराच्या अर्कानें तसें होईना. परसदारांत असें कांहीं द्रव्य आहे कीं जें रक्तांतून फिरून कोठ्याला हुकूम देतें, असें त्यांनीं मांडलें आणि त्यास गॅस्ट्रिन नांव दिलें. पुढें १९२० मध्यें पोपिएल्स्की यांनीं दाखविलें कीं, हिस्टामीन नांवाचें द्रव्य टोंचलें तरी अम्ल झरतें. आणि हिस्टामीन शरीरांत सर्वत्र असतें. झालें! एड्किन्सचा अर्क म्हणजे हिस्टामीनची भेसळ, असें बहुतेक सर्व धरून चालले. एड्किन्स १९४० मध्यें वारले. १९६४ मध्यें लिव्हरपूलच्या रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनीं डुकरांच्या जठराच्या त्याच भागांतून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपांत काढलें, तेव्हां बिचारा खरा ठरला. पण ऐकायला तो नव्हता.

गंमत अशी कीं, हिस्टामीनवालेही खोटे नव्हते. हुकूम परसदारांतून निघतो, पण तो बहुतेक करून मध्यस्थामार्फत पोंचतो. परसदाराच्या नळ्यांच्या मध्यावर जी-पेशी असतात. आकार सुरईसारखा, निमुळती मान पोकळीपर्यंत गेलेली, जणूं आलेल्या अन्नाची चव घेण्याकरितां. प्रथिनांचे तुकडे जाणवले कीं त्या गॅस्ट्रिन सोडतात. तें रक्तांतून कोठ्यांत पोंचतें आणि तेथें नळीच्या खालच्या भागांत, अम्लपेशींच्या कुशींत बसलेल्या एका तिसऱ्याच पेशीला जागें करतें. ही पेशी हिस्टामीन सोडते, आणि शेजारच्या अम्लपेशींचे पंप सुरू होतात. ही हिस्टामीन-पेशी अन्नाला कधीं तोंड दाखवीत नाहीं. ती नळीच्या पोकळीपर्यंत पोंचतच नाहीं. तिचें सर्व महत्त्व शेजारांत आहे.

मग हें थांबतें कसें? अम्ल वाढून परसदारापर्यंत आलें कीं तेथल्या डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन नांवाचें आवरतें द्रव्य सोडतात आणि जी-पेशींचें तोंड बंद होतें. १९७९ मध्यें असें दिसून आलें कीं, डी-पेशींना लांबच लांब बारीक फांटे असतात आणि ते थेट जी-पेशींच्या व अम्लपेशींच्या अंगापर्यंत गेलेले असतात. रक्तांत हांक मारून साऱ्या गांवाला ऐकविण्याऐवजीं, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून 'आतां पुरे' म्हणावें, तसा हा प्रकार. पंगतींत वाढणारा 'अजून घ्या' म्हणतो, आणि यजमानीण नुसत्या डोळ्यानें त्याला थांबवते. पुढला प्रसंग वाचकांनीं आपापल्या घरचा आठवावा.

आतां त्या अरुंद गळ्याची गोष्ट. जठरांत रोज जें कांहीं ओतलें जातें त्यापुढें पेशी किती दिवस टिकणार? माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठांतील शार्ल लब्लाँ आणि शेरीफ करम यांनीं उंदरांच्या जठरांत नवजात पेशींना किरणोत्सर्गी खूण करून त्या कोठें जातात याचा माग काढला आणि १९९३ मध्यें तो विस्तारानें प्रसिद्ध केला. जन्म सर्वांचा गळ्याशीं. तेथून कांहीं वर चढतात, श्लेष्मपेशी होतात आणि सुमारें तीन दिवसांत पृष्ठभागावरून झडून जातात. कांहीं खालीं उतरतात. गळ्यांतल्या श्लेष्मपेशी उतरतां उतरतां, सुमारें दोन आठवड्यांनीं, मुख्य पेशींचें रूप घेतात आणि तळाशीं सहा महिन्यांहून अधिक काळ राहतात. अम्लपेशी वर आणि खालीं दोन्ही दिशांना जातात, सरासरीनें ५४ दिवस जगतात. म्हणजे नळीच्या प्रत्येक पायरीवर पेशीचें वयही लिहिलेलें असतें. उंदराचे आंकडे माणसाला जसेच्या तसे लागू करूं नयेत, पण चाल तीच आहे. अलीकडे, स्टॉकहोम येथें २०१६ मध्यें पुढें आलेल्या एका रीतीनें, कापावरील प्रत्येक ठिपक्याच्या जागीं कोणतीं जनुकें बोलत आहेत हेंही वाचतां येऊं लागलें आहे. पूर्वीं पेशी दळून, सर्वांचें एकत्र पीठ करून तपासावी लागे, त्यांत पेशी कळे, पण तिचा पत्ता हरवे.

इतकें झाल्यावर मित्रांनीं काकूंचा काप ठेवला.

पेढे नव्हते. तळाच्या जांभळ्या पेशीही नव्हत्या. श्लेष्मानें भरलेल्या, वेड्यावांकड्या नळ्या, अगदीं परसदारच्यासारख्या. मी तसें म्हटलें. "पहिल्या अहवालांतही तेंच लिहिलें आहे," मित्र म्हणाले, "आणि त्यानें पाहिलें तें चुकीचें पाहिलें नाहीं. त्याला जागा कोणीं सांगितली नव्हती, म्हणून ती त्यानें दिसण्यावरून ताडली." मग त्यांनीं दुसरी कांच लावली. या कापावर गॅस्ट्रिनला नेमकें चिकटणारें प्रतिद्रव्य सोडून, जेथें तें चिकटेल तेथें तपकिरी रंग उठावा अशी योजना केली होती. शेजारीं खऱ्या परसदाराचा काप तुलनेकरितां ठेवला होता. त्यांत नळ्यांच्या मध्यावर तपकिरी ठिपक्यांचा पट्टा स्पष्ट दिसत होता. काकूंच्या कापांत एकही ठिपका नाहीं. मित्रांनीं दोन्ही कण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून दाखविले. एकही नाहीं.

म्हणजे हा भाग परसदाराचा नव्हेच. हा कोठ्याचा, पण त्यांतली मूळ वस्ती उठून गेलेली, आणि रिकाम्या जागेंत परसदाराची नक्कल करणाऱ्या नळ्या उगवलेल्या. तिसऱ्या कांचेवर हिस्टामीन-पेशी रंगविल्या होत्या. त्या मात्र होत्या, नव्हे, नको तितक्या होत्या. मण्यांच्या सरीसारख्या रांगा धरून वाढलेल्या. कारण सरळ आहे. अम्ल नाहीं, म्हणून परसदारांत 'पुरे' म्हणणारें कोणी नाहीं; म्हणून जी-पेशी अहोरात्र हुकूम सोडीत आहेत; आणि तो हुकूम ऐकून मध्यस्थ वाढत आहेत. काम करणारे मात्र केव्हांच गेलेले. पुढें रक्त तपासलें तेव्हां गॅस्ट्रिन नेहमींच्या कितीतरी पट निघालें, आणि अम्लपेशींवर उलटलेलीं स्वतःच्याच शरीरांतलीं प्रतिद्रव्येंही सांपडलीं.

"पण मुख्य पेशींनीं कोणाचें काय केलें होतें?" मीं विचारलें. हल्ला तर अम्लपेशींवर. त्यावर त्यांनीं सेंट लुई येथील जेफ्री गॉर्डन आणि त्यांचे सहकारी यांचा १९९६ मधील प्रयोग सांगितला. त्यांनीं उंदरांत जनुकांची अशी योजना केली कीं केवळ अम्लपेशी मराव्या. तर त्यांच्यामागून मुख्य पेशीही नाहीशा झाल्या. गळ्यांतून उतरणाऱ्या पेशींना मुख्य पेशीचें रूप येण्यास अम्लपेशींचा शेजार लागतो, असें यावरून दिसतें.

आतां तें राहिलेलें द्रव्य. १८५५ मध्यें लंडनच्या टॉमस अ‍ॅडिसननें एका प्राणघातक पांडुरोगाचें वर्णन केलें, ज्यांत कारण सांपडत नसे आणि रोगी वांचत नसे. १९२६ मध्यें बॉस्टनचे मायनॉट आणि मर्फी यांनीं रोज भरपूर यकृत खाऊं घातल्यास रोगी सुधारतो असें दाखविलें, आणि व्हिपल यांच्यासह त्यांस १९३४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तेथीलच विल्यम कॅसल या तरुण डॉक्टराला निराळीच शंका होती: निरोगी माणसाला एवढें यकृत खावें लागत नाहीं, मग त्याच्या पोटांत असें काय आहे? त्यानें स्वतः ३०० ग्रॅम गोमांसाचा खिमा खाल्ला, तासाभरानें तो ओकून काढला, आणि तें मिश्रण नळीनें रोग्यांच्या पोटांत घातलें. शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडलें असेल, मीही मुरडलें. परंतु नुसतें मांस किंवा नुसता जठररस देऊन जें झालें नाहीं तें या मिश्रणानें झालें. १९२९ मध्यें त्यानें जाहीर केलें कीं, अन्नांतील एक द्रव्य व जठरांतील एक द्रव्य मिळूनच गुण येतो. अन्नांतलें तें बी-१२ जीवनसत्त्व; तें १९४८ मध्यें वेगळें काढण्यांत आलें. जठरांतलें तें अम्लपेशीचें. तें बी-१२ ला हाताशीं धरून लहान आंतड्याच्या अगदीं शेवटच्या भागापर्यंत नेतें, आणि तेथेंच त्याचा प्रवेश होतो.

(याच काळांत, १९२८ पासून, लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईंत गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध करीत होती. तिला मात्र यीस्टच्या स्वस्त अर्कानें गुण देणारें निराळेंच द्रव्य सांपडलें, पुढें फॉलिक अ‍ॅसिड म्हणून प्रसिद्धीस आलेलें. दोन पांडुरोग, रक्ताचें चित्र सारखें, कारणें दोन. त्या काळीं हा गोंधळ उलगडणें सोपें नव्हतें.)

काकूंचें बी-१२ फारच खालीं गेलें होतें. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत हें जीवनसत्त्व मिळण्याचा मार्ग मुख्यतः दूध, दहीं, ताक हाच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी यांनीं २००६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पुणें व आसपासच्या पुरुषांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांत तें कमी आढळलें. तेव्हां पहिल्या दवाखान्यांत रक्त तपासून कोणीं 'शाकाहार' असें म्हणून फाईल मिटली असती, तरी तें अगदींच वावगें झालें नसतें. पण काकू रोज दोन वेळां दूध घेत, आणि दोष पानांत नव्हता, वस्तींत होता. साध्या मात्रेची गोळी पोटांतून देऊन अशा रोग्याला भरंवशाचा गुण येत नाहीं. म्हणून टोंचून देण्याचें ठरलें.

वस्ती उठण्याचें दुसरें आणि अधिक सामान्य कारण जंतु. १९८२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनीं जठरांतील वळसेदार जंतु वाढवून दाखविला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हां १९८४ मध्यें मार्शलनें तो स्वतः पिऊन पोटाचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्यें दोघांस नोबेल मिळालें. येथेंही सगळा खेळ जागेचा आहे. जंतूनें मुख्यतः परसदारीं ठाणें दिलें तर डी-पेशी दबतात, गॅस्ट्रिन वाढतें, शाबूत कोठा जोरानें अम्ल ओततो आणि ग्रहणीला व्रण पडतो. तोच जंतु कोठ्यांत पसरला तर अम्लपेशी हळूहळू मरतात, अम्ल घटतें. आणि कांहीं जणांत त्या ओसाड जागीं चक्क आंतड्याच्या पेशी दिसूं लागतात. कोलंबियांत जन्मलेले पेलायो कोरेआ यांनीं १९७५ मध्यें मांडलें कीं, जठराच्या एका प्रकारच्या कर्करोगाची वाट याच पायऱ्यांवरून जाते. आंतड्याची पेशी आंतड्यांत निर्दोष. जठरांत ती दिसली कीं विकृतिशास्त्रज्ञ खुर्ची पुढें ओढतो. म्हणूनच कोठ्याचे आणि परसदाराचे कण वेगवेगळ्या बाटल्यांत, जागेचें नांव घालून पाठवावे, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. बाटलीला लागणारी चिठ्ठी ती काय! पण आमचें सवा वर्ष तिच्यावांचून गेलें.

गोळ्यांविषयीं दोन शब्द. हिस्टामीनचा हुकूम अडविणारें सिमेटिडीन १९७६ मध्यें आणि पंपच बंद करणारें ओमेप्राझोल १९८८ मध्यें बाजारांत आलें, आणि व्रणासाठीं पोट कापण्याचे दिवस बव्हंशीं संपले. हें ऋण लहान नाहीं. परंतु सुपारीसारखी रोज तोंडांत टाकावयाची ती वस्तु नव्हे. अम्ल दीर्घकाळ बंद राहिलें कीं गॅस्ट्रिन चढतें, आणि अन्नांतून बी-१२ सुटून येण्यासही अम्ल लागतें. ज्या घरांत तें मुळांतच बेताचें, तेथें डॉक्टरांस न विचारतां वर्षानुवर्षें गोळी चालूं ठेवणें शहाणपणाचें नाहीं. आमच्याच घरांत आणखी दोघे ती घेत होते, असें चौकशीअंतीं निघालें.

मध्यंतरीं काकूंची दुर्बिणीनें पुनः तपासणी झाली. या वेळीं पांच बाटल्या होत्या, प्रत्येकीवर जागा लिहिलेली. परसदार शाबूत, कोठा ओसाड; भयंकर असें कांहीं नाहीं, पण कांहीं वर्षांच्या अंतरानें पाहत राहावें लागेल. काकूंनीं मित्रांना विचारलें, "त्या पेशी परत येतील का हो?" "येण्याची आशा फारशी नाहीं, काकू," ते म्हणाले. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पदरानें चष्मा पुसला आणि चहा टाकायला उठल्या.

जीभ महिन्याभरांत बरी झाली, चेहऱ्यावर रंग आला, आमटी पुनः पूर्वींसारखी तिखट होऊं लागली. पायांच्या मुंग्या मात्र निम्म्याच गेल्या. मज्जातंतूंचें जें नुकसान उशिरानें कळतें तें सगळें भरून येत नाहीं. दर महिन्याला धाकटी सून त्यांना इंजेक्शनाकरितां घेऊन जाते. पहांटे देवघरांत जातांना काकू आतां आधीं दिवा लावतात, आणि डोळे मिटून नमस्कार करतांना एक हात भिंतीला टेकलेला असतो.